पाण्याकाठची जमीन वाचवण्यासाठी संरक्षक भिंत: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

पाण्याकाठची भिंत समोरून आलेल्या लाटेने फुटली, असे फार कमी वेळा होते. बहुतेक भिंती दोनच कारणांनी जातात. मागच्या भरावात साठलेले पाणी त्यांना बाहेर ढकलते, किंवा पायाखालची वाळू निघून गेल्यावर त्या तोंडावर येतात. वादळाच्या रात्री पडली म्हणून दोष वादळाला मिळतो, पण पडण्याची तयारी बांधकामाच्या दिवसापासूनच झालेली असते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये भिंतीच्या दर्शनी भागाबद्दल कमी आणि तिच्या मागे-खाली काय करायचे त्याबद्दल जास्त लिहिले आहे. समुद्र, खाडी, नदी, तलाव कुठलाही काठ असो, तत्त्वे तीच राहतात. बदलतात ते आकडे.

पायरी १: काठ कशाने जातोय ते ओळखा

काठ ढासळण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. पाण्याच्या पातळीला आडवी खोबण पडली असेल आणि वरची माती कमानीसारखी लोंबत असेल, तर ते लाटांचे किंवा बोटींमुळे उठणाऱ्या पाण्याचे काम आहे. काठाला समांतर, जमिनीत एक-दोन मीटर आत भेगा दिसत असतील, तर अख्खा तुकडा घसरण्याच्या तयारीत आहे. उताराच्या मध्यावर ओल झिरपत असेल, तिथेच हिरवळ दाट असेल, तर जमिनीच्या पोटातले पाणी बाहेर येतेय. वरून खाली उभ्या घळी पडल्या असतील, तर दोष तुमच्याच अंगणातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याचा. त्यासाठी भिंत बांधणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. वर एक चर खणून पाणी दुसरीकडे वळवले की काम भागते.

नदीकाठी आणखी एक प्रकार दिसतो. पूर चढताना काठ शाबूत राहतो आणि ओसरताना कोसळतो. पुरात माती पाणी पिऊन जड होते, बाहेरच्या पाण्याचा आधारही असतो. पातळी झपाट्याने उतरली की आधार जातो आणि मातीतले पाणी मात्र आतच राहते. हे लक्षात ठेवा, पुढे निचऱ्याच्या पायरीला पुन्हा लागेल.

काठापासून मागे, पक्क्या जागी, ओळीने खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा. निदान एक पावसाळा आणि वाऱ्याचा एक मोसम असे मोजमाप झाले, तर काठ कुठे आणि किती वेगाने मागे येतोय ते कळते. सल्लागाराकडे जाताना ही वही घेऊन गेलात तर अर्धे काम झालेले असते.

पायरी २: पाणी मोजा

तीन आकडे हवेत: पाण्याची सर्वांत वरची पातळी, सर्वांत खालची पातळी, आणि वरच्या पातळीला काठाच्या पायथ्याशी असणारी खोली. समुद्रकाठी ही मोजणी अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणावर करा. तेव्हा भरती सर्वांत वर आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, घेतलेले माप फसवे निघते. नदी-तलावावर जुन्या पुराच्या खुणा, झाडांना अडकलेला कचरा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची आठवण यांवरून वरची पातळी मिळते.

तिसरा आकडा सर्वांत मोलाचा. उथळ पाण्यात लाट वाटेल तेवढी उंच राहू शकत नाही. तिची उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की ती फुटते. म्हणजे पायथ्याशी जास्तीत जास्त १ मीटर पाणी असेल, तर तिथवर न फुटता पोहोचणारी लाट पाऊण मीटरच्या आसपास. मात्र पायथ्याची वाळू अर्धा मीटर गेली तर खोली दीड मीटर होते आणि लाट सव्वा मीटरच्या जवळ जाते. वाळू जाते, खोली वाढते, लाट मोठी होते, आणखी वाळू जाते. हे चक्र उभी भिंत थांबवत नाही. उलट तिच्या गुळगुळीत तोंडावरून लाट जशीच्या तशी परतते आणि चक्राला जोर देते.

मातीचीही पाहणी करा. लोखंडी सळई ठोकून कठीण थर किती खोल आहे ते पाहा, दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन वाळू कुठे संपते, चिकणमाती कुठे लागते ते बघा. मऊ गाळावर जड भिंत बसवली तर ती खचते आणि खचताना कलते.

पायरी ३: भिंत खरोखर हवी का?

लाटा अर्ध्या हाताच्या, काठ उताराचा आणि जागा भरपूर असेल, तर आधी झाडोरा वापरा. गोड्या पाण्याच्या काठी वाळा उत्तम. त्याची मुळे सरळ खाली ३ मीटरपर्यंत जातात आणि माती बांधून ठेवतात. उष्ण प्रदेशातल्या खाडीच्या चिखलात कांदळवन हे काम कुठल्याही गवंड्यापेक्षा चांगले करते.

लाटा मोठ्या असतील आणि काठ १:२ उतारावर आणायला जागा असेल, म्हणजे १ मीटर उंचीमागे २ मीटर रुंदी, तर दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचे आवरण, करा. नवख्या माणसाने हाच पर्याय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. खडबडीत उतारावर लाटेची ताकद दगडांच्या फटींत जिरते. पाया थोडा हलला तर दगड आपले आपण सरकून बसतात, भेग पडून अख्खे काम जात नाही. एखादा दगड निखळला तर दुसरा ठेवता येतो. काँक्रीटच्या भिंतीला अशी सूट नाही.

उभी भिंत तेव्हाच, जेव्हा जागाच नाही: घर काठाला टेकलेले आहे, किंवा बोट लावायची आहे. वजनावर उभी राहणारी दगडी किंवा काँक्रीटची भिंत, उलट्या टी आकाराची आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) भिंत, एकमेकांत अडकणारे उभे पत्रे जमिनीत ठोकून केलेली शीट पाइलची भिंत आणि जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली गॅबियन भिंत हे नेहमीचे प्रकार. गॅबियन स्वस्त पडते आणि नदी-ओढ्यावर छान चालते. खाऱ्या पाण्यात, जिथे लाटेबरोबर वाळू-गोटे आदळतात, तिथे तारेवरचा लेप घासला जातो आणि जाळी गंजून फाटते. तिथे टाळा.

एक गोष्ट आधीच मनाशी स्वीकारा. भिंत तिच्या मागची जमीन वाचवते, पुढची पुळण वाचवत नाही. पाण्याची कड जमिनीकडे सरकत असते आणि भिंत जागेवर असते, त्यामुळे दोघांमधली वाळूची पट्टी वर्षागणिक अरुंद होत जाते.

पायरी ४: परवानगी आणि शेजारी

पाण्याकाठचे बांधकाम जवळजवळ सगळीकडे परवानगीशिवाय करता येत नाही. भरतीरेषा, पूररेषा, सार्वजनिक वाट, मासे-कासवांची वीण, असे अनेक नियम एकाच काठावर लागू असतात. काम सुरू करून मग अर्ज करणे महागात पडते, कारण पाडण्याचा खर्चही तुमच्याच माथी येतो. शेजाऱ्याशीही आधीच बोला. तुमची भिंत जिथे संपते तिथून पुढचा त्याचा काठ जास्त वेगाने जाऊ शकतो. दोघांनी किंवा चौघांनी मिळून सलग काम केले तर टोके कमी होतात, खर्च वाटला जातो आणि भांडण टळते.

पायरी ५: आकडेमोड समजून घ्या

हिशेब अभियंताच करील, पण तो काय करतोय हे तुम्हाला कळायला हवे. भिंतीची उंची १.२ मीटरच्या वर असेल, मागे इमारत असेल किंवा माती मऊ असेल, तर स्वतःच्या अंदाजाने बांधू नका.

मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दुप्पट केली की ढकलणारे बळ चौपट होते आणि भिंतीला उलथवणारा जोर आठपट. २ मीटर उंच भिंतीमागे कोरडी वाळू असेल, तर दर मीटर लांबीला सुमारे १.२ टन बळ बाहेर ढकलते. हीच वाळू पाण्याने काठोकाठ भरली आणि बाहेरचे पाणी उतरलेले असेल, तर बळ २.६ टनांवर जाते. आता माथ्याला अर्धा मीटर आणि तळाशी १.२ मीटर रुंद दगडी भिंत धरा. तिचे वजन मीटरमागे ४ टनांच्या आसपास, आणि तळाच्या घर्षणातून सरकण्याला होणारा विरोध साधारण त्याच्या निम्मा, म्हणजे २ टन. कोरड्यात ही भिंत निवांत उभी राहते. पाणी अडकलेल्या दिवशी ती सरकते. भिंत तीच, दगड तेच, फरक फक्त निचऱ्याचा. भिंतीची जाडी वाढवून हा प्रश्न सोडवणे शक्य आहे, पण दोन पाइप आणि खडीचा पट्टा त्याहून फार स्वस्त पडतात.

वजनावर उभ्या भिंतीचा तळ उंचीच्या ०.५ ते ०.७ पट ठेवण्याची रीत आहे. सरकण्याविरुद्ध किमान दीडपट आणि उलथण्याविरुद्ध दुप्पट सुरक्षितता धरतात. काठावर गाडी उभी करणार असाल किंवा साहित्य रचणार असाल तर आधीच सांगा. चौरस मीटरला १ टन भार पडला, तर त्या २ मीटर भिंतीवरचे कोरड्यातले बळ दीडपटीवर जाते.

पिचिंगच्या दगडाचे वजन हडसनच्या सूत्राने काढतात. त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढते. १:२ उतारावर अर्ध्या मीटरच्या लाटेला साधारण २० किलोचा दगड पुरतो, १ मीटरच्या लाटेला सुमारे १५० किलोचा लागतो, आणि २ मीटरच्या लाटेला सव्वा टनाचा. म्हणूनच पायरी २ मध्ये खोली नीट मोजायला सांगितले. तिथे चुकलेला एक हात इथे टनांत मोजावा लागतो.

पायरी ६: पायथा

सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत जास्त वेळ आणि कष्ट मागते, आणि ठेकेदार सर्वांत आधी हिलाच कात्री लावतो, कारण ती पाण्याखाली झाकली जाते. उभ्या भिंतीपुढे वाळू किती खोल खणली जाईल याचा ढोबळ अंदाज म्हणजे तिथल्या लाटेच्या उंचीइतकी. १ मीटरची लाट असेल तर पाया तळाच्या वाळूपासून निदान तेवढा खाली, शक्यतो कठीण थरावर. शीट पाइल असेल तर जमिनीवर जेवढा भाग उघडा दिसतो तेवढा तरी, आणि मऊ मातीत त्याहून जास्त, जमिनीत जायला हवा.

एवढे खोल खणणे जमत नसेल तर पुढे मोठ्या दगडांचा सैल पट्टा अंथरतात. नदीच्या कामात याला लॉन्चिंग एप्रन म्हणतात. वाळू जशी निघते तसे हे दगड स्वतः उतारावर घरंगळत जाऊन खड्ड्याची कड झाकतात. पट्ट्याची रुंदी अपेक्षित खड्ड्याच्या दीडपट ठेवा. हे दगड सिमेंटने जोडू नका. जोडले तर ते घरंगळणार नाहीत, आणि खाली पोकळी होऊन लादीसारखे तुटतील.

चर एकदम पूर्ण लांबीचा उघडू नका. तीन-चार मीटरचा तुकडा खणा, भरा, मग पुढे जा. उघड्या चरात वरचा काठ कोसळतो आणि खाली माणूस असतो. समुद्रकाठी खोदाई उधाणाच्या ओहोटीवर करा, आणि पाणी परत चढायच्या आत तो तुकडा दगडांनी बंद झालेला हवा.

पायरी ७: गाळणीचा थर

काठाची माती आणि दगड यांच्यामध्ये असा थर हवा, जो पाण्याला जाऊ देईल आणि मातीला अडवील. हल्ली यासाठी न विणलेले, सुया टोचून केलेले जिओटेक्स्टाइल कापड वापरतात. त्याऐवजी प्लास्टिकची ताडपत्री टाकलेली अनेक ठिकाणी दिसते. ती पाणीच अडवते, मागे दाब साठतो आणि दगडांसकट सगळे पोट फुगून बाहेर येते. ताडपत्री टाकण्यापेक्षा काही न टाकलेले बरे, आणि काही न टाकणेही बरे नाही.

कापड टाकण्याआधी उतार सारखा करून घ्या, टोकदार मुळे आणि दगड काढा. कापड ताणू नका, किंचित सैल अंथरा. दोन पट्ट्या एकमेकांवर ३० ते ५० सेंटिमीटर चढवा, पाण्याखाली त्याहून जास्त. खालचे टोक पायथ्याच्या चरात दाबा, वरचे टोक माथ्यावर छोट्या चरात गाडा. उन्हात हे कापड कमजोर होते, म्हणून अंथरल्यावर काही दिवसांत झाकलेच पाहिजे.

कापडाऐवजी वाळू-खडीचा थर करायचा असेल तर मृदा-अभियंता तेरझागीचा जुना नियम आहे. गाळणीतल्या बारीक कणांचा आकार मागच्या मातीतल्या जाडसर कणांच्या चार-पाच पटींच्या आत हवा. त्याहून मोठे कण घेतले तर फटींमधून माती वाहून जाते. बारीक मातीवर थेट मोठी खडी टाकणे त्यामुळेच चुकीचे.

पायरी ८: दगड लावणे किंवा भिंत उभी करणे

पिचिंगमध्ये आधी लहान दगडांचा थर येतो. वरच्या दगडाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाचे, म्हणजे १५० किलोच्या खाली १०-१५ किलोचे. त्यावर मोठे दगड दोन थरांत. १५० किलोच्या दगडांची अशी जाडी पाऊण मीटरच्या आसपास होते. दगड कोनाकोनाचे, टणक, हातोडा मारल्यावर खणखणीत वाजणारे निवडा. नदीतले गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. लांबी जाडीच्या तिप्पटीहून जास्त असलेले चपटे दगडही बाजूला काढा. रचना पायथ्यापासून वर करत जा. ट्रक मागे लावून वरून ओतले तर कापड फाटते, मोठे दगड खाली आणि बारीक वर असे वेगळे होतात. माथ्याची उंची ठरवताना सर्वांत वरच्या पातळीत लाटेची चढण मिळवा. १:२ च्या खडबडीत उतारावर ती लाटेच्या उंचीइतकी ते दीडपट असते.

आरसीसी भिंत खाऱ्या पाण्यात असेल तर एम ३० पेक्षा कमी प्रतीचे (ताकदीचे) काँक्रीट नको, सळईवर ५० ते ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, हवे, आणि मिश्रणात समुद्राचे पाणी किंवा न धुतलेली किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको. सळई सर्वांत लवकर गंजते ती सतत ओल्या-कोरड्या होणाऱ्या, शिंतोडे उडणाऱ्या पट्ट्यात, म्हणून तिथले काँक्रीट दाबून बसवण्यात आणि क्युरिंगमध्ये (काँक्रीट ओले ठेवण्यात) कसूर करू नका. जोडांच्या मागे जिओटेक्स्टाइलची पट्टी लावा. बोटभर फटीतूनही भराव भरतीगणिक थोडा थोडा वाहून जातो. दगडी भिंतीत दर थराला ओळंबा लावा आणि पाण्याकडचे तोंड किंचित मागे कलते ठेवा.

शीट पाइलला मागे ताणून धरणारे नांगर लागतात. ते भिंतीला चिकटून गाडले तर भिंतीबरोबर सरकणाऱ्या मातीतच बसतात आणि काही कामाचे राहत नाहीत. साधारणपणे भिंतीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त मागे, न हललेल्या मातीत ते हवेत.

पायरी ९: निचरा आणि भराव

भिंतीच्या पाठीमागे खालपासून वरपर्यंत निदान ३० सेंटिमीटर रुंद स्वच्छ खडीचा पट्टा, त्याच्या मातीकडच्या बाजूने जिओटेक्स्टाइल. तळाशी भोके पाडलेला पाइप, तोही कापडात गुंडाळलेला, बाहेर उतार देऊन काढलेला. भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरची वीप होल (मागचे पाणी बाहेर सोडणारी भोके), दीड ते दोन मीटर अंतराने, वरच्या रांगेतली खालच्या रांगेच्या मधोमध. खालची रांग पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या थोडी वर ठेवा. प्रत्येक वीप होलच्या मागे खडी आणि कापड असल्याची खात्री स्वतः करा. नुसता पाइप खुपसून बाहेरून दिसायला भोक छान दिसते, पण आठवड्यात चिकणमातीने बुजते.

भरावाला वाळू, मुरूम किंवा खडीमिश्रित माती घ्या. काळी चिकणमाती पाणी धरते आणि फुगते, ती नको. काँक्रीट ओतल्यावर किमान दोन आठवडे, जमल्यास २८ दिवस थांबा. मग १५ ते २० सेंटिमीटरचे थर पसरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. भिंतीपासून १ मीटरच्या पट्ट्यात रोलर आणू नका. त्याच्या दाबाने नवी भिंत पहिल्याच दिवशी कलते.

पायरी १०: टोके आणि माथा

भिंतीची टोके सरळ सोडली तर पाणी वळसा घालून मागे शिरते आणि भराव पाठीमागून खाऊन टाकते. दोन्ही टोके काटकोनात किंवा तिरपी वळवून काठात चांगली आत न्या. काठ जितका मागे जाण्याची भीती आहे त्याहून आत. टोकाशी दगडांचा उतार करून तो शेजारच्या काठात हळूहळू मिसळवा.

वादळात पाणी माथ्यावरून येणारच. ते मऊ मातीवर पडले तर मागून खड्डा पडतो. माथ्यामागे मीटर-दीड मीटर रुंदीचा दगड-खडीचा पट्टा करा, त्याखालीही कापड टाका. छपराचे पागोळीचे पाणी, सांडपाणी आणि बागेचे पाणी या पट्ट्यापासून दूर वळवा.

पायरी ११: देखरेख

पहिल्या वर्षी प्रत्येक मोठ्या भरतीनंतर किंवा पुरानंतर, पुढे दर मोसमाला एकदा, ओहोटीच्या वेळी भिंतीच्या पुढून चालत जा. मागून दिसत नाही ते पुढून दिसते. वीप होलमधून स्वच्छ पाणी येणे चांगले. गढूळ येत असेल तर भराव वाहतोय. पाऊस थांबल्यावर शेजारची भोके वाहत असताना एखादे कोरडेच राहिले, तर ते बुजले असे समजा आणि सळईने मोकळे करा. माथ्यामागे जमिनीला खळगा पडला तर तो नुसता मातीने भरू नका. आधी माती कुठून जातेय ती फट शोधा. खुंट्यांच्या वहीत आता आणखी एक रकाना वाढवा: भिंतीच्या माथ्यापासून पायथ्याच्या वाळूपर्यंतची उंची. हा आकडा दोन मोसम सलग वाढत असेल, तर तिसऱ्याची वाट न पाहता पायथ्याला दगड टाका.